मास्तरांचा अर्क

'कॅरिकेचर'ला मराठीत 'अर्कचित्र' म्हणतात. भाषा शिकवणारा माणूस म्हणून मला हा शब्द फार आवडतो. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य, अर्क म्हणजे रुईचं झाड. पण भट्टी लावून थेंबाथेंबाने उतरवतात तो अर्क अरबी 'अरक़'पासून आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ घाम. उर्दूत आपण 'अर्क़-ए-गुलाब' म्हणतो, मराठीत ओव्याचा अर्क म्हणतो, आणि एखाद्या इरसाल माणसाकडे बोट दाखवून 'तो म्हणजे अर्क आहे' असंही म्हणतो. 'कॅरिकेचर' हा शब्द ज्या इटालियन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ मात्र 'ओझं लादणं'. म्हणजे इटालियन चित्रकार माणसावर काहीतरी लादतो आणि मराठी चित्रकार माणसातून काहीतरी काढून घेतो. या लेखात मला जे सांगायचं आहे, त्यात हा फरक पुढे कामाला येईल.

गेली काही वर्षं मी व्हिक्टोरियन काळातल्या इंग्लंडची अर्कचित्रं जमवतो आहे. सगळी नाही, फक्त विद्यापीठातले पंडित आणि शाळामास्तर यांची. खऱ्याखुऱ्या जुन्या छपाईची माझ्याकडे चारच आहेत. त्यातलं एक मुंबईत जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात सापडलं, तीन लंडनला नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने आणून दिली. बाकी सगळी संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून घेऊन छापलेली आहेत. पगारदार शिक्षकाला परवडेल असाच हा छंद आहे. न्यायाधीश, क्रिकेटपटू आणि जॉकी यांच्या चित्रांना गिऱ्हाईक फार. वकिलांची कार्यालयं आणि क्लबांच्या भिंती त्यांनी सजतात. ग्रीक व्याकरणाचा प्राध्यापक दिवाणखान्यात कोण लावणार? त्यामुळे तो त्या मानाने स्वस्तात मिळतो.

ही चित्रं मुख्यतः एका साप्ताहिकातली आहेत. त्याचं नाव 'व्हॅनिटी फेअर'. थॉमस गिब्सन बोल्स या गृहस्थाने ते नोव्हेंबर १८६८ मध्ये लंडनला सुरू केलं. पहिल्या काही अंकांत रंगीत चित्र नव्हतं. ३० जानेवारी १८६९ च्या अंकात डिझरायलीचं पूर्ण पानभर रंगीत अर्कचित्र आलं, पुढच्या आठवड्यात ग्लॅडस्टनचं आलं, आणि मग दर आठवड्याला एक असा शिरस्ता पडला. १९१४ मध्ये हे साप्ताहिक दुसऱ्या एका पत्रात विलीन होईपर्यंत अशी दोन हजारांहून जास्त चित्रं छापली गेली. राजे, मंत्री, सेनापती, बिशप, नट, घोडेस्वार, आणि त्यांच्याच रांगेत प्राध्यापक आणि हेडमास्तरही.

चित्रासोबत एक छोटा मजकूर असायचा. खाली सही 'जेहू ज्युनियर'. जेहू हा बायबलच्या जुन्या करारातला, बेफाम रथ हाकणारा आणि राजघराणं उलथवून टाकणारा. या टोपणनावाआड बहुतेक वेळा स्वतः बोल्सच असे. चित्राखाली त्या माणसाचं नाव सहसा नसायचं. एक शब्द किंवा एखादं वाक्य असायचं, आणि त्यावरून वाचकाने ओळखायचं.

चित्रकारांत दोघं महत्त्वाचे. पहिला कार्लो पेलेग्रिनी, इटलीतल्या कापुआचा. १८६४ मध्ये इंग्लंडला आला आणि 'एप' म्हणजे वानर अशी सही करू लागला. दुसरा लेस्ली वॉर्ड, ज्याची सही 'स्पाय', म्हणजे हेर. वॉर्डचे आईवडील दोघंही चित्रकार होते. तो स्वतः ईटनच्या शाळेत शिकला. चित्रकार मिले यांनी त्याची बोल्सकडे शिफारस केली, आणि १८७३ मध्ये त्याचं पहिलं चित्र छापून आलं. ते एका पंडिताचंच होतं. जीवाश्म आणि हाडं यांचे मोठे अभ्यासक रिचर्ड ओवेन. चित्राखाली शब्द होते, 'जुनी हाडं'.

वॉर्डची पद्धत त्याच्या सहीला शोभणारी होती. ज्याचं चित्र काढायचं त्याला तो व्याख्यानात, चर्चमध्ये, रस्त्यावर, सभागृहात गाठायचा, नीट बघायचा आणि मग घरी येऊन आठवणीतून काढायचा. पुढे लोक आपण होऊन त्याच्या स्टुडिओत येऊन बसू लागले आणि चित्रं सौम्य होत गेली. अर्कचित्र वेगळं आणि माणसाचा स्वभाव दाखवणारं व्यक्तिचित्र वेगळं, असा भेद तो स्वतःच करायचा. पेलेग्रिनीचा हात जास्त धारदार होता. तो १८८९ मध्ये गेला.

जमवणाऱ्यांसाठी थोडं छपाईबद्दल. ही चित्रं दगडावरून छापलेली आहेत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि कागद प्रत्येक दगडावरून एकदा जायचा. छापखाना व्हिन्सेंट ब्रुक्स, डे अँड सन. चित्राच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरांत तारीख आणि छापखान्याचं नाव असतं. आजच्या नकला ओळखायच्या तर भिंग लावावं. आजच्या ऑफसेट छपाईत रंगांचे सारखे, ओळीत बसलेले ठिपके दिसतात. दगडी छपाईत कण वेडेवाकडे, खडूने घासल्यासारखे दिसतात. आपल्याकडे जुन्या उर्दू किताबा दगडावरच छापल्या जायच्या. नवलकिशोर प्रेसची पुस्तकं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना शिळाछापाचा तो पोत बोटांना ओळखीचा वाटेल.

आता माणसांकडे येऊ.

माझ्याकडच्या चारांपैकी पहिलं चित्र बेंजामिन जोवेट यांचं. फेब्रुवारी १८७६, चित्रकार स्पाय, खाली एकच शब्द: 'ग्रीक'. गोल गुळगुळीत चेहरा, पांढरे केस, काळा कोट. हे ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजचे प्रमुख, प्लेटोचे भाषांतरकार. चित्रात ते एखाद्या म्हाताऱ्या बाळासारखे दिसतात. पण १८५५ मध्ये ते ग्रीकचे राजनियुक्त प्राध्यापक झाले, तेव्हा त्या पदाचा पगार वर्षाला फक्त ४० पौंड होता. बाकीच्या तशाच पदांचे पगार वाढले, यांचा वाढला नाही. कारण त्यांचे धर्मविचार. बायबलही इतर कुठल्याही ग्रंथाप्रमाणे वाचावं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि १८६० च्या एका गाजलेल्या लेखसंग्रहात त्यांनी ते छापलंही. विरोधकांनी पगारवाढ अडवून धरली. अखेर १८६५ मध्ये तो ५०० पौंड झाला. दहा वर्षं हा माणूस चाळीस पौंडांवर शिकवत राहिला आणि शिकवणं त्याने कमी केलं नाही. हे कळल्यावर त्या गोल चेहऱ्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

जोवेट यांचा आपल्याशी संबंध दोन प्रकारे येतो. भारतीय सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा कशी असावी हे ठरवणाऱ्या १८५४ च्या मॅकॉले समितीत ते होते, आणि पुढे त्यांच्या कॉलेजात त्या सेवेतल्या उमेदवारांना तयार केलं जाई. म्हणजे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आलेले कित्येक कलेक्टर या 'ग्रीक'च्या हाताखालून गेलेले होते. दुसरा संबंध नाशिकचा. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ मध्ये नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. गुणांच्या जोरावर त्यांना इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण बाई म्हणून ती नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या. तिथे म्हातारे जोवेट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८९२ मध्ये त्या ऑक्सफर्डची कायद्याची बीसीएल परीक्षा देणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. पदवी मात्र हातात पडायला १९२२ उजाडलं. 'व्हॅनिटी फेअर'मध्ये बायकांची चित्रं अगदी मोजकी आहेत. कॉलेजात त्यांना शिरू देणं हाच तेव्हा वादाचा विषय होता, मग पंडितांच्या रांगेत त्या कुठून दिसणार?

दुसरं चित्र मॅक्सम्युलर यांचं. फेब्रुवारी १८७५, चित्रकार एप, खाली शब्द: 'भाषेचं शास्त्र'. आपल्याकडे हे नाव ठाऊक नाही असा शिकलेला माणूस विरळा. ऋग्वेद सायणभाष्यासह छापणारा हा जर्मन पंडित हिंदुस्थानात एकदाही आला नाही. लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत तो होता, म्हणून महाराष्ट्राला तो जवळचा. पण या चित्रामागची खरी गोष्ट १८६० ची आहे. ऑक्सफर्डच्या संस्कृतच्या बोडेन प्राध्यापकपदासाठी तेव्हा निवडणूक झाली. मतदार कोण? विद्यापीठाचे पदवीधर, ज्यांतल्या बहुतेकांना संस्कृतचं एक अक्षर येत नव्हतं. समोरचे उमेदवार मोनियर विल्यम्स, जे मुंबईत जन्मले होते. निकाल ८३३ विरुद्ध ६१०. मॅक्सम्युलर हरले. ते परदेशी होते आणि त्यांचे धर्मविचार सैल मानले जात. बोडेन यांनी हे पद हिंदूंमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवायला मदत व्हावी म्हणून ठेवलेलं होतं. त्यामुळे प्रश्न 'कोणाला जास्त येतं' असा राहिलाच नाही, 'कोण आपला आहे' असा झाला. गंमत अशी की कट्टर धर्मपंडित म्हणून ओळखले जाणारे पुसी या लढतीत मॅक्सम्युलर यांच्या बाजूने होते. पुसींचं चित्रही त्याच १८७५ च्या जानेवारीत आलं. दोन्ही चित्रं मी शेजारी लावली आहेत, एक छापील आणि एक नक्कल.

तिसरं आणि चौथं चित्र मास्तरांचं. एडमंड वॉर, ईटनचे हेडमास्तर, जून १८८५. खाली शब्द: 'द हेड'. त्या शब्दाशिवाय दुसरं काही लिहायची गरज नव्हती, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या खुर्चीसमोर उभं राहून कधीतरी छड्या खाल्ल्या होत्या. चित्रकार स्पाय स्वतः ईटनचा. ईटनची ही भीती प्रेमासकट होती, आणि चित्रात दोन्ही आहेत. चौथं वेल्डन यांचं, १८९८ चं. हॅरोचे हेडमास्तर, ज्यांच्या काळात विन्स्टन चर्चिल त्या शाळेत शिकला. हे गृहस्थ त्यानंतर लगेच कलकत्त्याचे बिशप होऊन हिंदुस्थानात आले. शाळामास्तर, धर्मगुरू आणि साम्राज्य या तीन खोल्यांना एकच दार होतं, ते या एका माणसाच्या नोकऱ्यांच्या यादीत दिसतं.

याच १८९८ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजातले स्पूनर यांचंही चित्र आलं. शब्दांची पहिली अक्षरं उलटसुलट करण्याबद्दल ते इतके प्रसिद्ध झाले की तसल्या चुकीला इंग्रजीत त्यांचंच नाव पडलं. त्यांच्या नावावर खपवलेली बहुतेक वाक्यं विद्यार्थ्यांनीच रचलेली आहेत. प्रत्येक शाळेत अशी एक परंपरा असतेच. एखाद्या सरांच्या तोंडी घातलेली वाक्यं त्यांनी कधी उच्चारलेली नसतात, पण ती पिढ्यानपिढ्या चालतात.

एवढं बघून कुणाला वाटेल की व्हिक्टोरियन इंग्लंडने आपल्या शिक्षकांची फार कौतुकाने थट्टा केली. हे अर्धंच खरं आहे. माझ्या फाइलीचा दुसरा कप्पा इथे उघडावा लागतो.

त्यात पहिला आहे वॅकफर्ड स्क्विअर्स. हा डिकन्सच्या 'निकोलस निकलबी'मधला मास्तर, १८३८-३९ चा. एक डोळा, हातात छडी, मुलांना उपाशी ठेवणारा, शिकवण्याच्या नावाखाली राबवून घेणारा. चित्रं काढली हॅब्लट ब्राउनने, ज्याची सही 'फिझ'. डिकन्स आणि तो १८३८ च्या कडाक्याच्या थंडीत यॉर्कशायरच्या खासगी निवासी शाळा बघायला गेले होते. नको असलेली मुलं तिथे ठेवून यायची, सुट्टीलाही घरी आणायची नाहीत, अशी त्या शाळांची ख्याती होती. डिकन्सचा राग खरा होता आणि त्या शाळांपैकी कित्येक त्याच्या पुस्तकानंतर बंद पडल्या. पण परिणाम आणखीही एक झाला. स्क्विअर्सचा चेहरा एका वाईट मास्तराचा न राहता 'गरीब मास्तर' या जातीचा चेहरा बनला. ईटनच्या मास्तराला नाव होतं, तारीख होती, रंग होते. खेड्यातल्या मास्तराला फक्त छडी आणि फाटका कोट मिळाला.

याच खेड्यातल्या मास्तराचं पुढे काय झालं, तेही दोन अर्कचित्रांतून सांगता येतं. एक रॉबर्ट लो यांचं, १८६९ चं, एपने काढलेलं. दुसरं कवी मॅथ्यू आर्नल्ड यांचं, नोव्हेंबर १८७१ चं, टिसोने काढलेलं. लो यांनी १८६२ मध्ये शिक्षणाची एक नवी संहिता आणली. सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणित यांच्या वार्षिक परीक्षेवर ठरेल. निरीक्षक येईल, एकेका मुलाला तपासेल, जितकी मुलं उत्तीर्ण तितका पैसा. याला नाव पडलं 'निकालावर मोबदला'. खर्चात बचत झाली, आणि शाळा पाठांतराचे कारखाने बनल्या. इतिहास, भूगोल मागे पडले, कारण त्यांना पैसे नव्हते. निरीक्षक येण्याआधी मुलांकडून तोच धडा इतक्या वेळा घोकून घेत, की पुस्तक उलटं धरूनही ती वाचून दाखवतील.

आर्नल्ड हे त्याच खात्यात निरीक्षक होते. पस्तीस वर्षं त्यांनी शाळा तपासल्या. आपल्याच वरिष्ठांच्या धोरणाविरुद्ध त्यांनी १८६२ मध्येच जाहीर लेख लिहिला. नोकरी जाण्याची भीती असताना लिहिला. 'व्हॅनिटी फेअर'ने त्यांना रुबाबदार समीक्षक म्हणून रंगवलं. दिवसभर खेड्यातल्या शाळांत बाकांवर बसून मुलांचं वाचन ऐकणारा माणूस त्या चित्रात नाही. त्यांचा धाकटा भाऊ विल्यम आर्नल्ड हा पंजाबच्या शिक्षणखात्याचा पहिला संचालक होता. मायदेशी परतताना १८५९ मध्ये तो जिब्राल्टरला मरण पावला. वडील थॉमस आर्नल्ड तर रग्बी शाळेचे सुप्रसिद्ध हेडमास्तर. एकाच मास्तर घराण्याचं सूत रग्बीपासून लाहोरपर्यंत गेलेलं आहे.

'निकालावर मोबदला' ही पद्धत इंग्लंडमध्येच थांबली नाही. मुंबई इलाख्यातही अनुदानासाठी तिचा अवलंब झाला. १८८२ मध्ये हंटर आयोग बसला तेव्हा पुण्याहून महात्मा जोतीराव फुले यांनी आयोगाला निवेदन दिलं. त्यात त्यांनी साफ सांगितलं की ज्या गरीब आणि अज्ञानी समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे ही निकालाची पद्धत उपयोगाची नाही. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा आकडा मांडला. कमीत कमी १२ रुपये, आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून यावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील, असंही त्यांचं म्हणणं होतं.

मला वाटतं, गावच्या शिक्षकाचं त्या शतकातलं सगळ्यात खरं व्यक्तिचित्र हेच आहे. त्यात रेषा नाही, रंग नाही. बारा रुपये हा आकडा आहे. पण तो आकडा लिहिणाऱ्याने त्या माणसाला जवळून बघितलं होतं.

दुसऱ्या कप्प्यातलं शेवटचं नाव आहे 'बाबू जबरजी, बी.ए.' हे पात्र एफ. अॅन्स्टी या लेखकाने 'पंच' साप्ताहिकात रंगवलं आणि १८९७ मध्ये पुस्तकरूपात आलं. चित्रं बर्नार्ड पार्ट्रिजची. कलकत्ता विद्यापीठाचा पदवीधर, अगडबंब इंग्रजी, चुकीच्या जागी वापरलेल्या म्हणी, आणि त्यावर वाचकांनी हसायचं. परकी भाषा कष्टाने शिकलेल्या माणसाची ही टवाळी, आणि करणारे असे लोक ज्यांना त्याच्या भाषेतलं पाणी मागता येत नव्हतं. मी दोन भाषा शिकवतो. उर्दू शाळेतलं मूल मराठीत पहिलं वाक्य बोलतं तेव्हा लिंग चुकतं, विभक्ती चुकते, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसतं. त्या हसण्याने किती मुलं वर्षभरासाठी गप्प होतात, ते वर्गात उभ्या असलेल्या माणसाला कळतं. जबरजीची पानं उलटताना म्हणूनच मला हसू येत नाही.

त्याच १८९७ मध्ये 'व्हॅनिटी फेअर'मध्ये स्पायने केंब्रिजला शिकलेल्या रणजितसिंहजींचं चित्र काढलं. हातात बॅट, चेहऱ्यावर आत्मविश्वास, आणि ते चित्र आजही क्रिकेटवेड्यांच्या भिंतीवर आहे. एकच वर्ष, दोन शिकलेले हिंदी. ज्याला चित्रकाराने मैदानावर बघितलं त्याला स्वतःचा चेहरा मिळाला. ज्याला बघितलंच नाही, तो नमुना झाला. आणि दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत संयुक्तपणे पहिले आले, सीनिअर रँग्लर झाले. जबरजीवर हसणाऱ्या देशाला हे उत्तर होतं, आणि तेही बिनबोलता.

इथे सुरुवातीचा शब्दभेद कामाला येतो. अर्क काढायचा तर आधी गुलाब हातात हवा. पाकळ्या गोळा कराव्या लागतात, आच किती द्यायची ते कळावं लागतं. जोवेट, मॅक्सम्युलर, वॉर यांची चित्रं अर्क आहेत. चित्रकाराने त्यांना बघितलं, ऐकलं, मग एक रेष लांबवली. ओझं लादायला मात्र माणूस ओळखीचा लागत नाही. उलट ओळख झाली की लादणं अवघड होतं. स्क्विअर्सचा सुटून गेलेला चेहरा आणि जबरजी ही ओझी आहेत.

ओळखीचे लोक कधी कधी विचारतात, "सर, तुम्ही मुसलमान असून व्यंगचित्रं जमवता?" प्रश्नामागे काय आहे ते मला समजतं. गेल्या वीस वर्षांत 'मुसलमान आणि व्यंगचित्र' एवढं म्हटलं की एकच प्रसंग आणि एकच भांडण आठवतं. ते दुःख खरं आहे. आपल्याला प्राणापेक्षा प्रिय असलेल्याची विटंबना झाली तर काळीज दुखणारच. पण या नात्याचा इतिहास तेवढाच नाही. १८७७ मध्ये लखनऊला मुन्शी सज्जाद हुसैन यांनी 'अवध पंच' काढला. लंडनच्या 'पंच'चं नाव, पण जबान आणि मिजास खास लखनवी. त्याने इंग्रज सरकारची खिल्ली उडवली आणि आपल्यांचीही उडवली. अकबर इलाहाबादी त्यात लिहायचे. हालींच्या 'मुसद्दस'वर त्याने टीका केली. सगळ्यात जास्त बाण सोडले ते सर सय्यद अहमद खान आणि अलीगढवर.

आणि सर सय्यद? ते १८६९ च्या मे महिन्यात लंडनला पोचले, म्हणजे 'व्हॅनिटी फेअर'ची रंगीत चित्रं सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच. मुलगा सय्यद महमूद केंब्रिजला शिकत होता. सर सय्यद लंडनच्या ग्रंथालयांत बसून एक उत्तर लिहीत होते. सर विल्यम म्यूर यांनी पैगंबर साहेबांचं जे चरित्र लिहिलं होतं, ते वाचून सर सय्यद फार व्यथित झाले होते. त्यांनी संदर्भ गोळा केले, पुरावे तपासले आणि १८७० मध्ये पुस्तक छापलं. 'खुत्बात-ए-अहमदिया' म्हणून ते आपण ओळखतो. परत आल्यावर 'तहज़ीब-उल-अख़लाक़' काढलं, शाळा काढली, तिचं कॉलेज झालं. 'अवध पंच' त्यांच्यावर हसत राहिला आणि ते काम करत राहिले. हसणाऱ्यांनाही त्यांनी वाचक म्हणूनच वागवलं. म्यूर पुढे एडिंबरा विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्यांच्या आधी त्या जागेवर होते सर अलेक्झांडर ग्रँट, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे माजी प्राचार्य. त्या काळचं विद्वानांचं जग किती लहान होतं, ते अशा धाग्यांतून लक्षात येतं.

आपल्या उस्तादाची नक्कल करू नये, अशी आपल्या घरांतली शिकवण. तरीही प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर कुणा ना कुणा सरांचं चित्र असतंच. ते बघायला मिळालं तर मी आधी एकच गोष्ट बघतो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला दाखवलाय का, खडू कानामागे खोचलाय का, म्हणजे पोराने बघून काढलंय का. बघून काढलं असेल तर वही परत देतो. आणि एखाद्या पोराने नुसती दाढी-टोपी किंवा नुसती शेंडी काढून खाली कुणाचं तरी नाव लिहिलं असेल, तर त्याला थांबवून विचारतो, "या माणसाशी तू कधी बोललास का रे?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. मग पुढचा तास त्या 'नाही'वर जातो, आणि अभ्यासक्रम एका दिवसाने मागे पडतो.

रॉबर्ट लो यांचं मूळ चित्र मला अजून मिळालेलं नाही. मिळालं की ते आर्नल्डच्या शेजारी लावणार आहे, मोबदला निकालावर मोजणारा आणि त्याच्याविरुद्ध लिहिणारा असे दोघं. मध्ये थोडी जागा सोडणार आहे. तिथे चित्र लावायला माझ्याकडे काही नाही. म्हणून जोतीरावांच्या निवेदनातला तो बारा रुपयांचा आकडा सुवाच्य अक्षरांत लिहून लावेन.